खिडकीतून टाकलेली लोकर

सासूबाईंना ऐकू फार कमी यायचं. उजव्या कानाशी ओरडलं तर थोडंफार, डाव्या कानानं काहीच नाही. नजर मात्र भारी तिखट. समोरच्याचे ओठ हलताना पाहून त्या निम्मं बोलणं ओळखायच्या, आणि अंगणात पडलेला वीतभर धागाही त्यांना दारातून दिसायचा.

जुने स्वेटर उसवून त्या लोकर काढायच्या. गावात कोणाकडे लोकरीचा गुंडा उरला तर तोही त्यांच्याकडे यायचा. त्या उरल्यासुरल्या लोकरीतून त्या क्रोशाच्या सुईनं सहाकोनी तुकडे विणायच्या. मी लग्न होऊन चांद्याहून त्या गावात आले, तेव्हा मला टाचणीसुद्धा नीट धरता येत नव्हती. त्यांनी हातात हात घेऊन शिकवलं.

"पह्यले साखळीचं कडं कर. त्याच्यात खांबाचे सहा झुपके. मंग दर फेरीले कोपऱ्यात दोन झुपके घालजो, नाई त गोलच होते."

"चौकोनी सोपं पडते ना, आई?"

"चौकोनी सारेच करते," त्या म्हणाल्या आणि माझा चुकलेला कोपरा सर्रकन उसवून पुन्हा हातात दिला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कामाला होता, सुट्टीलाच घरी यायचा. आमचं घर गावाच्या टोकाला. त्यापुढे तलावाची पाळ, पाळीपलीकडे जंगल. त्या हिवाळ्यात एक बिबट गावाभोवती फिरत होता. आधी कुत्री नाहीशी झाली, मग एका घरची शेळी. दिवस मावळला की लोक दारं लावून घ्यायचे. "दिवसा नाई येत तो," असं जो तो एकमेकांना सांगायचा. मीही स्वतःला तेच सांगायचे.

त्या दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सारं गाव धान कापायला गेलेलं. सासूबाई तलावावर कपडे धुवायला गेल्या होत्या. माझी वर्षभराची मुलगी पाळण्यात झोपली होती, आणि मी त्याच खोलीत तिच्या पांघरुणाचे तुकडे जोडत बसले होते. बाहेर सपरीत, ओसरीवर, काहीतरी धडपडलं. गावातलं एक पिवळं कुत्रं खोलीत घुसलं आणि सरळ खाटेखाली गेलं. ते भुंकत नव्हतं. नुसतं थरथरत होतं. मी त्याला हाकलायला उठले, तर दारातून मला सपरीच्या पायरीवर बिबट दिसला.

मी दार लोटलं, कडी घातली. दाराच्या फटीतून त्याची पाठ सरकताना दिसली. दाराला नाक लावून त्यानं वास घेतला. तो श्वास मला लाकडातून ऐकू आला. मग तो सैपाकघराकडे वळला. भाताचं गंज खाली पडलं, घरंगळत गेलं, आणि मग काहीच आवाज नाही. तो बाहेर येताना दिसला नाही, आतच बसला होता.

कडी जुनी, खिळे ढिले. धानाचं पोतं ओढून मी दाराला लावलं. मुलगी जागी झाली तर रडेल, या विचारानं तिला उचलून छातीशी धरलं. आणि तेव्हा लक्षात आलं, सासूबाई येतील. ओले कपडे घेऊन येतील आणि नेहमीसारख्या घागर ठेवायला सरळ सैपाकघरात जातील.

ओरडावं तर बिबट बिथरणार. आणि ओरडून त्यांना ऐकू तरी कुठे येणार होतं? खोलीला गल्लीकडे एक लहानशी खिडकी होती, लाकडी गजांची. गजांतून हात जायचा, बाकी काही नाही. पाळीवरून त्या येताना दिसल्या. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, कमरेवर घागर, नजर खाली. मी हात बाहेर काढून हलवला. त्यांनी पाहिलं नाही. त्या घराजवळ येत चालल्या होत्या.

मग मी टोपलीतला लाल गुंडा उचलला आणि गल्लीत टाकला. त्यामागे हिरवा, त्यामागे पिवळा. एक गुंडा उलगडत थेट त्यांच्या पायाशी गेला. त्या थांबल्या. घागर खाली ठेवली. तोंड रागानं लाल.

"लोकर मातीत काऊन फेकून राह्यली वं?"

धागा गुंडाळत, एकेक गुंडा वेचत त्या खिडकीशी आल्या. मी आवाज न काढता ओठ हलवले. "बिबट. सैपाकघरात." आणि बोटानं आतल्या बाजूला दाखवलं. त्यांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, गजांतून हात घालून तिचा पाय धरला. तिला बाहेर काढता येईल का, म्हणून गज ओढून पाहिला. तो हलला नाही.

"तिले दूध पाज," त्या हळू म्हणाल्या. त्यांना आपला आवाज ऐकू येत नसल्यानं हळू बोलणं कधी जमायचं नाही, पण त्या वेळी जमलं. "रडू देऊ नको. मी मानसं आनतो."

त्या गेल्या, आणि त्यानंतरचा वेळ मला नीट आठवत नाही. मुलगी पीत होती, कुत्र्याचा श्वास चालू होता. सैपाकघरात मधेच नखं जमिनीवर घासायची. एकदा दाराला धक्का बसला आणि पोतं हललं. मी पाठ लावून बसले.

मग गल्लीत माणसांचे आवाज आले. वनरक्षकही आला होता. मागून कोणीतरी छपराच्या कवेलूंवर चढून सैपाकघराचं मागचं, परसातल्या सांदवाडीकडचं दार दोरीनं ओढून उघडलं, आणि पुढून लोकांनी डबे पिटायला सुरुवात केली. मुलगी किंचाळून रडू लागली. सैपाकघरात भांडी कोसळली, आणि तो मागच्या दारानं पाळीकडे निघून गेला.

मी दार उघडलं तेव्हा सासूबाई गल्लीत मातीतच बसल्या होत्या. लोकर पदरात होती. त्यांना उठताच येईना.

"आई, गेला तो," मी त्यांच्या उजव्या कानात ओरडले.

"मले दिसलं," त्या म्हणाल्या. "पन पाय माह्ये नाई ऐकून राह्यले."

त्यानंतर कितीतरी दिवस मी सैपाकघरात एकटी जाऊ शकत नव्हते. भाकरी थापताना त्या चुलीजवळ विणत बसायच्या, पाठ मागच्या दाराला लावून. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

धान घरात आल्यावर नवऱ्यानं मला आणि मुलीला गडचांदूरला नेलं. सासूबाई यायला तयार नव्हत्या. मग मी तिथे बसून भीत राहिले, की त्या घरात त्या एकट्या, आणि काही आलं तर त्यांना ऐकूही येणार नाही. दोन पावसाळ्यांनी अखेर त्या आल्या. तिथे दुपारी चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडायचे. आवाज त्यांना कळायचा नाही, पण फरशी हादरली की तळपायांना कळायचं. पहिल्या दिवशी त्या ताडकन उठल्या, खेळत्या नातीला ओढून पोटाशी धरलं आणि माझ्या ओठांकडे पाहत विचारलं, "काय आलं वं?"