बैलांशी बोलणारा धुरकरी

मोठेपणी कोण होणार, असं आमच्या लहानपणी मुलांना कोणी विचारत नसे. शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी होणार आणि मुलगी दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरी जाणार, त्यात विचारायचं काय? पण विचारलंच असतं तर चांदूर रेल्वेपलीकडच्या आमच्या गावात चौथीच्या अख्ख्या वर्गानं एकच नाव घेतलं असतं. देवीदास काळमेघ. मुलींनीसुद्धा.

देवीदासभाऊ शंकरपटातले धुरकरी होते. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. जोडीला हलकी दोन चाकांची छकडी जुंपतात आणि तिच्यावर बसून जोडी हाकतो तो धुरकरी. बाकीच्या धुरकऱ्यांच्या हातात तुतारी असे. आमच्याकडे तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. पुण्याकडच्यांनी फुंकायची समजू नये. देवीदासभाऊंच्या एका हातात कासरा, दुसरा हात रिकामा. झेंडी पडली की ते पुढे वाकत. इतके, की डोकं बैलांच्या पुठ्ठ्यांमध्ये दिसेनासं होई. आणि जोडी अशी सुटे की मागे नुसता धुरळा.

"तो बैलाशी बोलते," लोक म्हणत. "त्याले शब्द मालूम हाये."

शब्द कुठला, कोणी दिला, यावर गावात एकमत नव्हतं. कोणी म्हणे एका गोसाव्यानं दिला, कोणी म्हणे आज्याकडून आला. असा शब्द आहे, याबद्दल मात्र शंका कोणालाच नव्हती. कोणाला ताप आला की त्याच्याजवळ देवीदासभाऊंना बोलावून बसवत. नव्या बैलाला पहिल्यांदा जुंपताना त्यांचा हात लावून घेत. मी स्वतः मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराला बाकावर वाकून तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटले होते. पुढे अमरावतीला कॉलेजात गेले. वसतिगृहाच्या दारातून बाप माघारी फिरला तेव्हा पुन्हा पुटपुटले. आमच्यातलं कोणी परीक्षेत पास झालं, कोणी सैन्यात गेलं, त्यात देवीदासभाऊंचा वाटा आहे असं आम्ही धरूनच चाललो.

मग भर जोमात असताना त्यांनी पट सोडला. कारण सांगितलं नाही. गावानं कारण तयार केलं: हरायच्या आधी उतरला, खरा मर्द! पुढची सगळी वर्षं ते साधे शेतकरी होते. कापूस वेचून घेतला, तूर काढली, मुलगा किशोर याला शिकवलं. किशोरनं अकोल्यात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, घर बांधलं आणि आईबापांना तिकडे नेलं. मधल्या काळात पटावर बंदी आली. ती उठली, अटी लागल्या, आणि आता आमच्या गावात पुन्हा पट भरतो. शेवटच्या दिवशी बायकांचा.

यंदा समितीनं दोन गोष्टी ठरवल्या. देवीदासभाऊंचा सत्कार करायचा, आणि स्मरणिकेत त्यांच्यावर लेख छापायचा. लेख माझ्या गळ्यात पडला, कारण गावात लिहिता येणारी माणसं पुष्कळ असली तरी 'वेळ असलेली' मी एकटीच, असा त्यांचा समज. मी अमरावतीहून सकाळची गाडी पकडून अकोल्याला गेले.

देवीदासभाऊ आता पंचाऐंशी ओलांडून गेलेत. पाठ ताठ, कान तिखट. मला बघून म्हणाले, "इंदे, तू तं बुढी झाली."

"तुम्ही काय जवान राहिले काय? बसा. शब्दाचं काय ते सांगा. लिहायचंय."

"कायचा शब्द?"

"बैलांशी बोलायचा."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या पत्नी, आमच्या कौशल्यावयनी, जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. त्या न बघताच बोलल्या, "सांगा ना आता. लिहिनारी घरी आली."

"तू चूप बस."

"चूपच बसली ना जलमभर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंदूबाई, हे पटाहून घरी आले का पह्यले चूळ भरत. एक गडू, दोन गडू. दातात केस अडके. निंघत नसे, तं म्या सुईनं काडून देल्ले."

"केस कसले?"

"बैलाचे, माय. शेपटीचे."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी वही मिटली. वाकायचे ते बोलायला नव्हे. शेपटी दातात धरायला.

"सारेच काही ना काही करत," देवीदासभाऊ म्हणाले. "कोनी खिळा टोचे, कोनी शेपटी पिरगाळे. माह्या हातात काठी नसे, तं लोकायले वाटलं का म्या बोलतो."

"आणि तुम्ही वाटू दिलं."

"म्या कधी सांगतलं का शब्द हाये म्हणून? लोकायनं सांगतलं. म्या फक्त नाही म्हटलं नाही."

मला चीड आली. त्यांची, आमची, त्या वसतिगृहाच्या दाराची. सगळ्यांची एकदम आली, त्यामुळे कोणावर काढावी हे ठरेना. मी उठून चालायला लागणार होते. पण वयनी म्हणाल्या, "तुमचं राहू द्या. आरतीचं काय ते इचारा यायले."

आरती किशोरची मुलगी. कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांच्या गोष्टी ऐकत वाढली आणि बायकांच्या पटात नाव देऊन बसली. गावातल्या नितेश काळमेघची जोडी मिळाली. नितेश नात्यानं तिचा चुलतभाऊ. दर रविवारी ती गावाला जाऊन सराव करते. जोडी चांगली आहे, पण तिच्या हाताखाली धावतच नाही, नुसती दुडकी चालते. आरतीला त्याचं काही वाटत नव्हतं. शब्द मिळायचा बाकी आहे, मिळाला की धावेल, इतका साधा हिशेब. तिनं मागितला की आजोबा म्हणत, "वेळ आली का सांगतो." समितीनं तर चांदूर रेल्वेच्या चौकात फ्लेक्स लावला होता: आजोबांचा फेटा, नातीचा चेहरा, खाली 'शब्दाचा वारसा'.

"सांगून टाका तिला," मी म्हटलं. "आजच."

"तुले काय जाते?"

"मला काही जात नाही. ती पोरगी चार गावांसमोर तोंडघशी पडेल."

"मालूम हाये मले." "किशोर सकाळी दुकानात जाते, अंधार पडला का येते. सून चांगली हाये, जेवले का म्हणून इचारते. पन कालेजातून आली का पायातली चप्पल न काडता माह्यापाशी येऊन बसते ती आरती. आबाजी, तो पट सांगा, आबाजी, ती जोडी सांगा. सांगतलं का ती उठून जाईन, इंदे. मंग या खोलीत मी अन् पंखा."

मी चहा मागितला. तो पिऊन परत आले.

पटाच्या शेवटच्या दिवशी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. मंडपात पुढच्या खुर्चीवर फेटा, शाल, नारळ अशा थाटात देवीदासभाऊ. शेजारी मला बसवलेलं. बायकांच्या जोड्या सुटायच्या आधी निवेदकानं भोंग्यावरून नियम वाचले. "काठी नाही. खिळा नाही. शेपटी पिरगाळणे नाही. शेपटी चावणे नाही."

मागून तरुण पोरांत हशा उसळला. "शेपटी कोन चावते बे?" "भूक लागली असंन भाऊले!"

देवीदासभाऊ हसले नाहीत. त्यांनी माझा दंड धरला आणि उठले. समोरून आरती येतच होती. ट्रॅकसूट, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली.

"आबाजी, आता तरी सांगा. दोन जोड्या झाल्या का माहा नंबर हाये."

ते तिला मंडपामागे, पाण्याच्या टँकरपाशी घेऊन गेले. माझा दंड सोडला नव्हता, म्हणून मीही गेले.

"शब्द नाही, आरती."

"म्हणजे?"

"नाहीच. नव्हताच कधी. आता भोंग्यावर बोलला ना तो, शेवटचं? ते करत होतो म्या."

आरतीनं मंडपाकडे पाहिलं. पोरं अजून हसत होती. "शेपटी?"

"हो."

"एकदोनदा?"

"दरवेळी."

मला वाटलं रडते की काय. पण तिचा आवाज आला तो कोरडा. "मले पह्यलेच काहून नाही सांगतलं? इतके रविवार गेले माहे. मी समजली का माह्यातच काही कमी हाये."

"तू जशी पायत होती माह्याकडं, तसं आता कोनी पायत नाही," देवीदासभाऊ म्हणाले. "ते सोडवलं नाही."

"मंग आता मी काय करू? चौकात फोटो लागला ना माहा!"

"बसाचं तं बस, नाहीतं उतर. कोनी काही म्हणो. पन शब्दाची वाट पाहू नको."

भोंग्यानं तिचं नाव पुकारलं. ती गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

ती बसली. झेंडी पडली. जोडी निघाली, आणि निघाली म्हणजे आठवडी बाजाराला निघावी तशी. आरती ओरडत होती, विनवत होती. "चल ना राजा! अरे चल ना बाप्पा! काय जीव घेता काय माहा?" अर्ध्यावर उजवा बैल जरा जोरात आला, डावा त्याच्यामागे ओढला जाऊन बरोबरीला आला, आणि तेवढ्यावर त्यांनी शेवट गाठला. हात तिनं कुठे लावला नाही. शेवटच्यांमध्ये नंबर.

निवेदकाला राहवलं नाही. "शब्द रस्त्यातच हरवला वाटते, मंडळी!"

मैदान हसलं. देवीदासभाऊ उठले. या वेळी माझा आधार न घेता. निवेदकाच्या हातातून माइक ओढला.

"पोट्टीले हसू नका," ते म्हणाले. "शब्द नव्हताच. म्या शेपटी चावत होतो बैलाची. तुमच्या बापायनं धुरळ्यात पाहलं नाही."

मग असा हशा, अशा टाळ्या, की कानठळ्या बसाव्यात. "वा आबाजी!" "बुढा अजूनबी खोडकर हाये!" समितीचे अध्यक्ष डोळे पुसत हसले आणि त्यांनी आणखी एक हार घातला. देवीदासभाऊ दोनदा म्हणाले, "खरं सांगतो." दुसऱ्या वेळी हशा पहिल्यापेक्षा मोठा झाला.

मी त्या गर्दीकडे बघत होते. अर्ध्या लोकांना ओळखत होते. निवृत्त मास्तर होते, गावातून शिकून डॉक्टर झालेला एक जण होता, सैन्यातून परतलेला भगवंत होता. यांनी आयुष्याचा एखादा खांब त्या शब्दावर उभा केलेला. खांब उभा आहे, घर पडलेलं नाही. मग खाली दगड होता की भुसा, हे खणून कोण बघणार? भुशावर उभं केलेलं घर टिकलं, तर ते टिकवलं कोणी? मला वाटतं आम्हीच. पण पुटपुटताना मी एकटी नव्हते, हेही खोटं नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, आणि घातल्याचा आव मी आणणार नाही. ज्याची शेपटी चावली त्या बैलाला मात्र मेळ घालायची काही गरज नव्हती. त्याला दुखत होतं.

स्मरणिकेला मी लेख दिला नाही. हा दिला असता तर त्यांनी विनोद म्हणून छापला असता. इथे लिहिते आहे ते देवीदासभाऊंना विचारून. "नावासकट लिही," म्हणाले.

सत्कार आटोपल्यावर त्यांना आरतीकडे जायचं होतं. मैदानाच्या कडेला बाभळीखाली तिनं जोडी सोडली होती आणि बादलीतून पाणी पाजत होती. आम्ही थोडं अंतर ठेवून उभे राहिलो. तिला आम्ही दिसलो होतो. तिनं आधी बादली रिकामी होऊ दिली.

मग म्हणाली, "कोन्या बैलाची?"

"डाव्या. मोत्या होता."

"त्याचं काय झालं?"

"शेपटी सडली. किडे पडले. अर्धी कापा लागली. तवापासून म्या पटात नाही बसलो."

"हे कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही."

"आजीले?"

"तिले सांगा नाही लागलं."

आरतीनं बादली पालथी घातली. "घरी गेल्यावर सारं सांगा मले. पह्यल्या पटापासून. जसं झालं तसं."

"सांगतो."

"मधात गोड कराचं नाही."

"नाही करत."

त्यांचा चेहरा सैल झाला. जुन्या सवयीनं ते डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवायला पुढे सरकले. बैलानं अंग आकसलं, खूर हलवला.

"तिकून नका जाऊ, आबाजी," आरती म्हणाली. "त्याले तुमी दिसत नाही. पुढून या."

देवीदासभाऊ थांबले. मग हळूहळू, बैलापासून हातभर दूर राहून, वळसा घालून पुढे गेले आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले.