हॅलोकाकांची डबी

हॅलोकाकांचं खरं नाव त्यांच्या दारावर लिहिलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. एकतीस वर्षं ते टेलिफोनच्या खांबांवर चढले. जोडलेली तार बोलते का हे बघायला वरूनच "हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू?" असं ओरडायचे, तेच नाव चिकटलं. पुढे गुडघ्यांनी संप केला आणि खांबावरचा माणूस घरात टेबलाशी बसून लोकांचे फोन दुरुस्त करू लागला.

दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर वहिनी राहायच्या. त्यांच्या फोनमधली खरखर काढायला काका आले, तेही प्रत्येक वळणावर जिन्याला दोन शब्द सुनावत.

"एवढी घाई कसली होती? चार दिवसांत तिसऱ्यांदा निरोप तुमचा."

वहिनींनी सांगितलं. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जवळच्या दवाखान्यात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. मोठ्या इस्पितळाच्या यादीत नाव लागलं होतं. जुळणारं मूत्रपिंड मिळालं की घरी फोन येणार, आणि तासाभरात होकार गेला नाही तर ते यादीतल्या पुढच्याला. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस अजून यायचे होते.

"मग मंगळवारी-शुक्रवारी घरी कोण असतं?"

"देव असतो, काका."

"असेल. पण तो फोन उचलत नाही, बाई."

वहिनींना राग यायला हवा होता. त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. यंत्राशेजारी बसून जप करताना त्यांच्या कानात रिकाम्या घरातला फोनच वाजत असे.

तीन आठवड्यांनी काका पुन्हा जिना चढून आले. हातात साबणाच्या वडीएवढी डबी. ती त्यांनी फोनच्या वायरीत बसवली. बाहेरून आपल्याच घरी फोन लावायचा, डबी तो उचलते. आपला गुप्त आकडा दाबायचा, मग जिथे आहोत तिथला नंबर. झालं. घरातला फोन गप्प, येणारा प्रत्येक फोन त्या नंबरावर. निघताना तसंच फोन करून, डबीनं उचलताच गुप्त आकडा आणि शून्य दाबलं की सगळं पूर्ववत.

"डबीवरचा लाल दिवा पेटलेला असेल तर फोन बाहेर जातायत. घरी आलात की आधी दिवा बघायचा, मग पाणी प्यायचं. आणि आता गुप्त आकडा ठरवा." एवढं बोलून काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "कुलूप मी बसवलं, किल्ली तुमची. मला नको."

दुसऱ्याच मंगळवारी दवाखान्याच्या फोनवर त्यांनी स्वतः जाऊन चिठ्ठी चिकटवली: काही अडलं तर या नंबरावर कळवा. खाली स्वतःचा नंबर.

त्या दिवसापासून वहिनींचा जप जपाच्या जागी राहू लागला. एवढ्या उपकाराची वस्तू उघडी कशी ठेवायची? त्यांनी जुन्या साडीच्या काठाचा डबीच्या मापाचा अंगरखा शिवला, कडेला बारीक टीप घातली. धूळ बसायला नको म्हणून. दिवा त्याखाली गेला. पण शून्य दाबायला त्या एकदाही विसरल्या नव्हत्या, त्यामुळे दिव्याची आठवण यायचं कारणच पडलं नाही.

सातव्या महिन्यातल्या एका शुक्रवारी यजमानांना यंत्रावरून उठताना भोवळ आली. त्यांना सावरत, चपला शोधत, गाडीत बसवत वहिनी घरी पोचल्या आणि शून्य दाबायचं राहून गेलं.

चारच्या सुमारास फोन वाजला तो दवाखान्यात. परिचारिका पेशंटपाशी अडकलेल्या. फोनला हात लावायची मनाई असलेल्या सफाईवाल्या मावशींनी फडकं टाकलं आणि उचलला. मोठ्या इस्पितळाचा माणूस भराभर सांगत होता. मावशींनी त्याला सगळं दोनदा म्हणायला लावलं, मग वहिनींच्या घरी फोन लावला. घरचा फोन फिरून याच फोनवर यायचा, म्हणून नुसतं टूं टूं टूं. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर त्यांना चिठ्ठी दिसली.

"काका, ते छापखान्यातले साहेब! मूत्रपिंड मिळालंय. पाचच्या आत हो म्हणा म्हणतायत. घरी काही लागत नाय!"

काकांना सगळं कळलं, आणि गुप्त आकडा ठाऊक नसल्यानं आपल्याला इथून डबी पूर्ववत करता येणार नाही हेही कळलं. त्यांनी सायकल काढली.

वहिनींनी दार उघडलं तेव्हा तीन मजले एका दमात चढलेला तो माणूस चौकटीला धरून उभा होता. "दिवा... दिवा कुठाय?"

"कुठला दिवा, काका? आधी बसा बघू. पाणी आणते."

"पाणी राहू दे! डबीचा दिवा!"

अंगरखा ओढून काढला. आत दिवा लाल. "देवा, माझ्याच हातांनी झाकला मी!"

"रडायचं गाडीत. मूत्रपिंड मिळालंय, पाचच्या आत हो म्हणायचंय! शाई आणा, म्हणजे पेन आणा. नाही, नकोच, इस्पितळाचा नंबर सांगा." काकांनी स्वतः फोन फिरवला आणि वहिनींच्या कानाला लावला. पाचला अकरा मिनिटं होती.

"येतोय," वहिनी म्हणाल्या. "हो. आत्ता निघालोच."

यजमान सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "अगं, बावीस वर्षं मला विसरभोळा म्हणत आलीस. आता काय म्हणशील?"

"आता काही म्हणत नाही. चला तुम्ही."

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी काका भेटायला गेले, सोबत मावशी, धुतलेल्या साडीत. काचेआडून त्यांनी खुणेनंच विचारलं, काय? यजमानांनी खाटेला लटकणारी पिशवी मोठ्या मानानं दाखवली. दोन वर्षांत थेंबाला महाग झालेली लघवी अर्धी पिशवी भरून आली होती.

"हॅलो!" काका काचेवर टिचक्या मारत ओरडले. "लाइन चालू झाली!" परिचारिका रागावली, मावशींनी तोंडात पदर कोंबला.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. ज्या घरातून हे दान आलं, त्या घरात आज काय चाललं असेल, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि आधी त्या घरासाठी हात जोडले. मग डोळे उघडले, आणि काकांना बसायला खुर्ची ओढून दिली.