भाऊजींचा हात

ज्यांच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटावी असे नातलग प्रत्येकालाच असतात; पण ज्यांच्याशेजारी देवळातसुद्धा उभं राहवत नाही असे एकटे आमचे भाऊजी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, भाईंदरच्या मिठागरांवर सरकारी पहाऱ्याचे जमादार. कमरेला पिस्तूल आलं त्या दिवसापासून हाताची सहज जागा शोधणं हाच त्यांचा धर्म झाला. त्यांचं शास्त्र असं, की नेम डोळ्यात नसतो, खांद्यात असतो. डोळे मिटायचे, हात वर करायचा आणि डोळे उघडून तो कुठे आलाय ते बघायचं. निशाण सोडून बाजूला आला असेल तर हात ओढायचा नाही, पाय सरकवायचे. "ओढून आणलेला हात म्हणजे सासरी न रमलेली सून," ते म्हणत. "जरा लक्ष हललं की माहेरी पळते."

आरतीत भाऊजी डोळे मिटत तेव्हा नव्या माणसाला ती भक्ती वाटे. मग उजवा हात ताठ वर येई, आणि डोळे उघडत तेव्हा बोट गुरवाच्या नाकासमोर असे. बाजारात दुधी हातात आला की तोही कुणावर तरी रोखला जाई, म्हणून ते काम ताईने त्यांच्याकडून कधीच काढून घेतलं होतं. माझ्यासाठी मुलगी बघायला वसईला गेलो, तर पोहे खाता खाता यांनी डोळे मिटले आणि चमच्यासकट हात मुलीच्या वडिलांवर रोखला. मग पाटासकट सरकत सरकत तो भिंतीवरच्या घड्याळावर आणला आणि "आता बसला," म्हणाले. मी मान खाली घालून पोह्यांतल्या मिरच्या निवडत होतो. ते स्थळ गेलं.

संध्याकाळी रिकाम्या पिस्तुलाने बांधावर सराव चाले. खारी गावची म्हातारी जानकी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन तिथूनच जायची. "जमादार, हात दुखत नाय का रं?" ती विचारायची. एकदा तो खरोखरच दुखला, खांदा धरला, तेव्हा तिनेच आठवडाभर तेल कोमट करून चोळून दिला. "आता कसा मोकळा झालाय," भाऊजी सगळ्यांना हात फिरवून दाखवत.

मग मिठाचा कायदा मोडायला गावंच्या गावं बांधावर उतरली ते साल आलं. मीही गर्दीत होतो आणि पलीकडे उभे असलेले जमादार माझे कोण हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून मागेमागे राहत होतो. जानकी सगळ्यांत पुढे होती, मुठीत मीठ घेऊन. साहेबाने पिस्तूल रोखायचा हुकूम दिला. भाऊजींनी सवयीने डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. हात थेट जानकीच्या छातीवर रोखलेला होता. बोटभरही इकडेतिकडे नाही, कापत नव्हता. भाऊजी त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय वळवले आणि बांधावरून सरळ घरी चालत गेले.

नोकरी गेली. लोक हार घेऊन आले, तर हे मागच्या दाराने निघून गेले. पहिल्यांदाच मला त्यांचा अभिमान वाटला होता, म्हणून तसं सांगायला गेलो.

"पाय वळले ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं," ते म्हणाले. "हात कुठे गेला होता? आणि ओढावा नाही लागला रे. आपणहून गेला."

त्यानंतर तो हात कधी खांद्याच्या वर गेला नाही. आरतीला तो खिशात असे. माझ्या लग्नात अक्षतासुद्धा त्यांनी डाव्या हाताने टाकल्या, आणि या खेपेला मला लाज वाटली ती पूर्वी त्यांची वाटायची याची.

स्वातंत्र्य आलं त्या सकाळी शाळेपुढे झेंडा चढला आणि सगळ्यांचे हात जयजयकाराला वर गेले. भाऊजी भिंतीशी उभे होते, उजवा हात कोटाच्या खिशात. पार वाकलेली जानकी काठी टेकत त्यांच्यापाशी गेली.

"वर कर रं तो हात," ती म्हणाली. "मी चोळलाय त्यो. मला ठावं हाय कसा हाय त्यो."

भाऊजींनी डोळे मिटले आणि हात वर केला. जयजयकार संपला, लोक पांगू लागले, तरी हात कुठे आलाय हे बघायला डोळे उघडायचा त्यांना धीर होईना. जानकी मात्र त्यांच्या पुढ्यात, त्या हाताखालीच उभी होती.