बिघाडाचा रकाना

नाट्यशाळेत तिला सगळे गहिवर म्हणत, आणि हे नाव तिने स्वकष्टाने कमावलेलं होतं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला आत्मपरीक्षण असे. सतरंजीवर गोल करून बसायचं आणि आठवडाभरात आपलं काय चुकलं ते प्रत्येकाने सांगायचं. बाकीची मुलं ‘उशीर झाला’, ‘आवाज बसला’ असं काहीबाही पुटपुटून मोकळी होत. गहिवरची पाळी आली की मात्र मंडळी सावरून बसत. ती आधी नुसती सतरंजीकडे बघे. मग हनुवटी थरथरे. मग ‘मी स्वतःशीच खोटं बोलत आले’ असं काहीतरी इतकं आतून येई, की समोरच्या दोघी-तिघींना रुमाल शोधावा लागे. कपडेपट सांभाळणारा शिंपी हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राही.

या पश्चात्तापाची तालीम ती गुरुवारी आरशासमोर पाऊण तास करायची. आठवड्यात मन लावून केलेला अभ्यास काय तो तेवढाच. पण तिला तरी दोष कसा द्यायचा? चूक कबूल केली की कौतुक होतं हे एकदा कळल्यावर ती सुधारायची घाई कोणाला असते?

अभिनय शिकवणाऱ्या बाईंनी दीड वर्ष हे ऐकून घेतलं. वार्षिक नाटकाच्या दोन प्रयोगांसाठी त्यांनी गहिवरला एकपात्री भूमिका दिली होती. शाळेची घंटा वाजवण्यात जन्म गेलेल्या एका म्हातारीचं नऊ पानांचं बोलणं. महिना उलटला तरी गहिवरची गाडी चौथ्या पानापुढे सरकेना. त्या शुक्रवारी तिचं परीक्षण संपलं, रुमाल आत गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, “पश्चात्ताप छान झाला. तो तुझा पाठ आहे. आता पुढच्या शुक्रवारी नऊच्या नऊ पानं म्हणून दाखवायची, कुठेही न थांबता. नाहीतर भूमिका खुर्चीकडे जाईल.”

खुर्ची म्हणजे वर्गातलीच एक मुलगी. पहिल्या वर्षी ‘निर्जीव वस्तू व्हा’ असं सांगितल्यावर ती खुर्ची झाली होती आणि तास संपला तरी उठली नव्हती. तिच्या अंगात अभिनय फारसा नव्हता, पण सगळ्यांचे संवाद तिला तोंडपाठ असत. ती नुसती ‘बरं’ म्हणाली. गहिवर घाबरली, आणि या वेळी ते खरं होतं.

ती शिकायला म्हणून मामाकडे राहायची. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात माणसं दोनच. ती आली तेव्हा मामा भाजी चिरत होता. तिने ओट्याला टेकून सुरुवात केली, “मामा, माझ्या आत कुठेतरी एक खोल पोकळी...”

“कुठल्या पानावर अडकतेस?”

“सगळीकडेच रे. माझ्यातच काहीतरी...”

“सगळीकडे काही अडकत नसतं गं. लोक फोन करतात, लिफ्ट बिघडली म्हणतात. जाऊन बघावं तर तिसऱ्या मजल्याच्या दारात खडा अडकलेला असतो.” त्याने हात पुसले आणि पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला. कामावर तो रोज भरायचा तो तक्ता. तारीख, वेळ, मजला, बिघाड, काय केलं, सही. “मजल्याच्या जागी पान लिही. बाकी तसंच.”

पहिल्या दिवशी तिने बिघाडाच्या रकान्यात लिहिलं, ‘अंतर्मनाची अस्वस्थता’. मामाने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खोडलं.

“का रे? खरं आहे ते.”

“असेल. पण हे वाचून मी कुठला पाना घेऊन येऊ?”

तिने नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी साधंच लिहिलं. आणि मंगळवारी तो तक्ता बघून तिची तिलाच लाज वाटली. पाच वाजता बसले असं तिला वाटायचं, पण तक्त्यात वाचायला सुरुवात पाच पन्नासला होती. मधल्या वेळात तिने टेबल खिडकीपाशी नेलं होतं, परत आणलं होतं आणि दोन पेन्सिलींना टोक काढलं होतं. पानाच्या रकान्यात तर सगळीकडे एक, एक, एक. अडखळली की ती पहिल्यापासून सुरू करायची. पहिलं पान असं घासूनपुसून लख्ख झालं होतं आणि सातव्याला तिने हातसुद्धा लावला नव्हता.

“रोज तळमजल्यालाच तेल घालतेस,” मामा म्हणाला. “वर कोण राहतं याचा तरी पत्ता आहे का?”

त्या दिवसापासून तिने नववं पान आधी घेतलं, मग आठवं, मग सातवं, असं उलट पाचव्यापर्यंत. मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून ऐकला, तेव्हा कळलं की म्हातारी ‘दाराला कुलूप लाव’ म्हणतानाही हुंदका देत होती. कुलपासाठी कोण रडतं? तिने तक्त्यात लिहिलं, ‘कुलूप, विनाकारण रडले. काढलं.’ गुरुवारी ती आरशासमोर गेली नाही. सहावं पान तेवढं कच्चं होतं, वेळ पुरला नव्हता.

शुक्रवारी पाच पानं सरळ गेली. सहाव्याच्या मध्यावर शब्द गेले. एकीने रुमाल बाहेर काढून मांडीवर ठेवला. हनुवटी आपोआप थरथरायला लागल्याचं गहिवरला कळलं. आता डोळे भरले असते, आवाज चिरकला असता, आणि पानच्या पान विसरल्याचं कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. तिने ओठ घट्ट मिटले.

“इथे अडकले,” ती म्हणाली. “परिच्छेद पहिल्यापासून घेते.”

घेतला, पुन्हा तिथेच अडकली, पुन्हा घेतला, आणि मग नऊ पानं संपली. परीक्षणाच्या वेळी ती म्हणाली, “सहावं पान दोनदा अडलं. त्याला एकच दिवस दिला होता. अजून चार लागतील.” आणि खाली बसली. मंडळींची घोर निराशा झाली. शिंपी दारातून आत निघून गेला.

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. “न थांबता म्हटलं होतं मी. पहिला प्रयोग खुर्ची करेल,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. “दुसरा प्रयोग तीन आठवड्यांनी आहे. तो तुझा. आज पहिल्यांदा मला कळलं तुला काय शिकवायचं ते.”

दुसरा तर दुसरा, असं मनाला बजावत ती घरापर्यंत ठीक आली. चपला काढायला उंबऱ्यात बसली आणि मात्र फुटली. आणि हे रडणं अगदीच सुमार होतं. नाक वाहत होतं, उचकी लागत होती, मध्येच खोकला येत होता. आत भांडी घासणाऱ्या मामाने ओरडून विचारलं, “सर्दी झाली का गं? वाफ घेतेस?”

“पहिला प्रयोग गेला, मामा.”

मामाने नळ बंद केला. इतक्या दिवसांत त्याने तिला शेकडो वेळा रडताना बघितलं होतं, आणि दर वेळी तो भाजी चिरत राहिला होता. आज तो ओले हात तसेच घेऊन बाहेर आला आणि उंबऱ्यात तिच्याशेजारी बसला.