खळ्यासारखी सारवलेली जमीन

सुनेनं अंगण सारवलं की शेणाच्या वासानं माझा हात अजून वळवळतो. एकदा मुळशीतून पुण्याला लष्कर भागात खोदकामाच्या मजुरीला गेलो होतो. जुनं चर्च, पुढं त्याचं धान्याचं गोदाम झालेलं, आणि आता जुन्या काळाचा शोध घेणाऱ्या बाई तिथली माती थराथरानं उकलत होत्या. खाली जुनी जमीन लागली, काळ्या डागांची. देवाची जागा अशी धुळीत कशी सोडायची? खळं सारवण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नाही. बाई जेवायला गेल्यावर मागच्या गोठ्यातून शेण आणलं आणि झकास सारवून काढली. बाई आल्या, वाकून बघत म्हणाल्या, "काका, त्या डागांवरूनच कळणार होतं, इथं आधी काय चालायचं." मी म्हणलं, "मग घाण तशीच ठिवायची व्हय?" दोन दिवस त्या एकट्या सुरीनं शेण खरवडत होत्या. मी पुढं झालो की म्हणायच्या, "तुम्ही बसा." मी खड्ड्याच्या काठावर नुसत्या येरझाऱ्या घालायचो. डाग गेलेच, भिजलेल्या मातीत माझी बोटं तेवढी उमटून राहिली. बाईंनी त्या खुणांचाही फोटो काढला. म्हणाल्या, "आता यांचीही नोंद होणार, काका." ती शाबासकी होती का टोमणा, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी चुकलो म्हणावं लागलं असतं, आणि ते अजून राहिलंय.