खाडीपलीकडची डुकरीण

मुलुंडच्या बाईने बोरिवलीला जायचं म्हणजे अर्धा परदेशप्रवास. मला तर तिथून पुढे होडीने खाडी ओलांडून गोराईला जायचं होतं. ऑफिसातल्या सबिनाची आई, रेजिनामावशी, तिथे डुकरं पाळते. "फुगे खायला ये गं," असा तिचा निरोप होता.

फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) झकास होते. मावशीचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं. परवाच तिने पिल्लांचं दूध तोडलं होतं. डुकरीण खाडीपलीकडे भावाकडे, पास्कलकडे, धाडली आणि पिल्लं इथेच ठेवली.

"सगली पेज पितान, यो बारकाच तोंड लावत नाय," ती म्हणाली. "आज नाय प्याला तर मरल. त्याच्यासाठी डुकरीण परत आनली, तर बाकीची पन पेज सोडतील."

घरामागे तिवरांच्या कडेला कुंपण घातलेलं मोकळं रान होतं. चरत असलेली पिल्लं एकाएकी गप्प झाली, डुकरिणीच्या अंगाने पडलेल्या लांबट खळग्यापाशी गेली आणि रांगेत आडवी पडली. खळग्यात कोणीच नव्हतं. तरी ती हवाच चोखत होती. रांगेत मध्येच एका पिल्लाएवढी जागा सुटली होती.

"ही जागा बारक्याची?" मी विचारलं.

"नाय गं. बारक्याची त्या टोकाला. ज्याचा थान त्याचा. मधला जन्मल्यावर मेला, तवापासून तिथं कोन लागत नाय."

बारका लांब उभा राहून थरथरत होता.

"पेजेत बोट बुडव न त्याला दे. मी बोलवतंय," म्हणून मावशी चक्क त्या खळग्यात आडवी झाली आणि घशातून हुंकारू लागली. हूं, हूं, हूं. बाई कुठे संपते आणि डुकरीण कुठे सुरू होते ते कळेना, मला पळून जावंसं वाटलं. पण बारका आला. त्याने बोट चोखलं, मी हात हळूहळू थाळीत नेला आणि तो पेज प्यायला.

मावशी उठून बसली, तोंड मिटलेलं. हुंकार येतच होता, खाडीच्या बाजूने. पाण्यावर आवाज फसवतो म्हणतात. मी तेच धरून बसले.

"पास्कलला सांग, बारका प्याला. तिला आनू नको," मी निघताना मावशी म्हणाली.

होडीतून उतरून मी पास्कलमामांना निरोप दिला. "बरा झाला," ते हसले. मी त्यांच्या कुंपणातून हात आत घातला. डुकरिणीने माझं बोट हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि तिथेच कुशीवर पडून हुंकारू लागली. दूध मातीत ठिबकत होतं.

बारका जगणार, ही चांगलीच बातमी होती. तरी मुलुंड येईपर्यंत मला एकच गोष्ट खुपत राहिली. तिला वाटलं होतं, मी त्याला घेऊन आलेय.