डॉक्टर थोर्लींचा डावा हात

केझिया डॅक आणि मी केंब्रिजच्या एकाच कॉलेजात पिचलो. मी स्वयंपाकघरात, ती वर साहेबांच्या खोल्या आवरायला. त्या कामाला बाया मुद्दाम रूपानं बेताच्या निवडत, वर नियम असा की साहेबांच्या अंगाला बोट लावायचं नाही. "माझं थोबाड बघून नियमाची गरज काय?" केझिया म्हणायची.

तिच्याकडे डॉक्टर थोर्ली. हिब्रूचे मोठे पंडित, म्हातारे, एकटा जीव. एकतीस वर्षं तिनं त्यांची शेगडी पेटवली. कॉलेजनं त्यांचं तैलचित्र काढायला घेतलं. चेहरा झाला, उजवा हात झाला आणि त्यांनी अंथरूण धरलं.

शेवटच्या दुपारी खोलीत ही एकटीच. ते म्हणाले, "मिसेस डॅक, माझा हात धरता जरा?" हिनं दोन्ही हात ॲप्रनखाली लपवले. "कुणाला तरी बोलावते, साहेब," म्हणत जिना उतरली. परत येईतो सगळं आटोपलं होतं.

"जळला मेला तो नियम," मी म्हटलं.

"नियम कसला गं? मी भ्याले. चिडूनच गेले असतील." रोज हेच तुणतुणं. माझे कान किटले.

चित्रातला डावा हात राहिला होता. अशा वेळी चित्रकार दुसऱ्या कुणाला तरी त्या माणसाचा झगा घालून बसवतात. बोटं लांब, हडकुळी म्हणून त्यानं केझियाला बसवलं. "हात खाली आणा," तो म्हणाला, "त्यांच्या उजव्यावर ठेवलाय असं समजा."

त्या दिवशी ती खाली आली ती पांढरीफटक. डावा हात बर्फासारखा गार.

"खालून कुणीतरी धरला गं."

"तुझाच उजवा असेल, बये."

"उजवा पाठीमागे होता."

चित्र जेवणाच्या दालनात लागलं. पाहुणे हातांची वाहवा करत आणि आता तिथं कामाला लावलेली ही खाली टेबलं पुसत असे. डावा हात पुढं कधी ऊब धरेना. ऑगस्टच्या उकाड्यातही लोकरी हातमोजा. मी चिडवायची, पण खरं सांगते, त्या चित्राकडे पाठ करायला मलाही धीर होत नसे.

सहा वर्षांनी केझियाच अंथरुणाला खिळली. मी जवळ बसून तिचा डावा हात घ्यायला गेले.

"तो नको, उजवा धर. डावा त्यांनी अजून सोडला नाही."

"अजून चिडलेत का गं?" मी हळूच विचारलं.

"चिडलेत कुठले," ती म्हणाली. "घाबरलेत."

मी उजवा धरला. संपेपर्यंत सोडला नाही.